प्रेह खानमधला तेवीस नंबर

आधीच सांगून टाकते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. तीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवली. मुली कितीदा तरी धावत यायच्या... "बाई, जिमखान्याच्या खोलीत कुणीतरी आहे!" मी जाऊन बघायचे, दरवेळी मांजर निघायची. या सदरातले अनुभवही मी चार वाजताच्या चहाबरोबर करमणूक म्हणूनच वाचते. मी स्वतः कधी इथे लिहीन असं कुणी म्हटलं असतं, तर त्याला मैदानाच्या दोन फेऱ्या मारायला लावल्या असत्या.

पण झालंय खरं. आणि बावीस जण साक्षीला आहेत, म्हणून लिहिते.

मी राहते वारज्याला. रिटायर झाल्यावर घरात बसून फर्निचर पुसत होते, तेव्हा माझी मावसबहीण रेखा म्हणाली, "तू माझ्याबरोबर ये." रेखाची छोटी टूर कंपनी आहे. ती फक्त जुनी बौद्ध लेणी, स्तूप आणि मंदिरं दाखवते. सुरुवात कार्ले-भाज्यापासून झाली, मग सांची, मग अनुराधापूर, बोरोबुदूर. इतिहासाचं खातं रेखाकडे. माझ्याकडे एकच काम – जितकी माणसं नेली तितकी परत आणायची. ज्येष्ठ नागरिकांचा ग्रुप जुन्या मंदिरात सोडून बघा एकदा. पाचवीचा वर्ग परवडला.

म्हणून मी गिनती सुरू केली. निघण्याआधी कोथरूडच्या एका हॉलमध्ये सगळ्यांची मीटिंग होते, तिथेच प्रत्येकाला नंबर देते. प्रत्येक ठिकाणाहून निघताना सगळ्यांनी आपापला नंबर मोठ्याने म्हणायचा. मी ग्रुपमध्ये धरलेली नाही, मी मोजणारी.

कंबोडियाच्या टूरला बावीस जण होते. रेखा या वेळी पुण्यातच राहिली होती. बावीस नंबर नेनेकाकांचा. पाटबंधारे खात्यातले निवृत्त इंजिनिअर. मीटिंगमध्ये ते उभे राहून म्हणाले, "आम्ही काय कैदी आहोत का?"

"नाही काका," मी म्हटलं, "कैद्यांना जेवण वेळेवर मिळतं."

तेव्हापासून त्यांचं-माझं छान जमलं.

सतरा आणि अठरा नंबर लोणी काळभोरच्या जोडप्याचे. बापूसाहेब आणि शकूमावशी. बापूसाहेबांचा ऊस, भाजीपाला, बोलणं मोकळं, मन मोठं. विमानतळावरच अख्ख्या ग्रुपला शेंगदाण्याचे लाडू वाटले त्यांनी. मावशी मात्र एक शब्द बोलायच्या नाहीत. म्हणजे बोलायची वेळच यायची नाही.

"मावशी, खिडकीजवळ बसता?"

"तिला न्हाई आवडत खिडकी," बापूसाहेब.

"मावशी, कॉफी?"

"तिला नको. ती च्याच घेती."

फोटो काढायला गेलं तर, "तिचा नका काढू, डोळं मिटती ती." मावशी नुसत्या हसायच्या. दुष्टपणा नव्हता हो त्यात. चाळीस वर्षं एकाने बोलायचं आणि एकाने हसायचं, असं ठरून गेलं असणार. मावशींच्या रुमालात घरच्या ज्वारीची पुरचुंडी होती, आणि प्रत्येक मंदिरात त्या मूर्तीपुढे चार दाणे ठेवायच्या. का, ते मी एकदा विचारलं. त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात बापूसाहेब म्हणाले, "नव्या पिकाची हाय. सवय हाय तिची."

गिनतीतही तेच. सोळा म्हणून झालं की बापूसाहेब एका दमात ठोकायचे – "सतरा-अठरा!" पहिल्याच दिवशी मी हरकत घेतली. ते म्हणाले, "आवो मॅडम, माझ्या मागंच असती की ती. चाळीस वर्षं मागंच हाय." सगळे हसले, मीही हसले आणि सोडून दिलं. ही माझी चूक. पी.टी.च्या बाईने असली गिनती चालवून घ्यायला नको होती. वर्गात दुसऱ्याची हजेरी लावणाऱ्या मुलींना मी बाहेर उभं करत असे.

आमचा तिथला गाइड दारा नावाचा, पन्नाशीचा, हसरा माणूस. त्याला आमची गिनती फार आवडली. तिसऱ्या दिवसापर्यंत त्याला एक ते बावीस पाठ झाले. आम्ही नंबर म्हणायला लागलो की तोही मागून पुटपुटायचा. बावीसच्या पुढचे आकडे त्याने कधी ऐकलेच नव्हते. हे लक्षात ठेवा.

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही प्रेह खानला गेलो. हे मंदिर म्हणजे एक मोठा जुना बौद्ध विहारच. पश्चिमेच्या दाराने आत शिरायचं, सरळ रेषेत चालत मधल्या स्तूपापाशी यायचं आणि पूर्वेला बाहेर पडायचं. बस पूर्वेला उभी. दारामागे दार, दारामागे दार... एका टोकाला उभं राहिलं की पार पलीकडचा उजेड दिसतो. दोन्ही अंगांना लहान लहान खोल्या, काहींची छतं पडलेली. भिंतींवर झाडांची मुळं उतरलेली. आमच्या गाइडने सांगितलं की मधल्या गाभ्याकडे जाताना दारं ठेंगणी होत जातात, म्हणजे आत येणाऱ्याला वाकावंच लागतं. नेनेकाका म्हणाले, "आमच्या बिल्डरनेही तेच केलंय, पण त्याला भक्ती नाही म्हणत."

अकरा वाजत आले होते, ऊन चढलं होतं. पूर्वेच्या बाजूला, शेवटच्या दारातून बाहेर पडायच्या आधी मी सगळ्यांना थांबवलं आणि म्हटलं, "गिनती!"

एक, दोन, तीन... सगळं सुरळीत. "सोळा!" "सतरा-अठरा!" "एकोणीस!" ... "एकवीस!" आणि नेनेकाकांचं खणखणीत "बावीस!"

मी "चला" म्हणायला तोंड उघडलं.

"तेवीस."

मागून. आम्ही ज्या लांबलचक वाटेने आलो होतो, तिकडून. बाईचा आवाज. ओरडणं नाही, घाई नाही. रांगेत आपली पाळी आली की म्हणतात तसं, सरळ, स्वच्छ मराठीत.

आधी एकजण हसला. त्याला वाटलं कुणीतरी गंमत केली. मग सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. दारा माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "मॅम, व्हॉट इज तेवीस?"

माझ्या हातांवर काटा आला, खोटं कशाला बोलू. पण तीस वर्षांची सवय... गडबड वाटली की मी आवाजावर विसंबत नाही, बोट नाचवून डोकी मोजते. मोजली. एकवीस. परत मोजली. एकवीसच.

"बापूसाहेब," मी विचारलं, "मावशी कुठायत?"

"ही काय, मागं," म्हणत त्यांनी न बघताच हात मागे केला. हात रिकामाच फिरला. मग ते वळले. तो चेहरा मी विसरणार नाही. एवढा धिप्पाड माणूस, पण जत्रेत हात सुटलेल्या पोरासारखा दिसत होता.

आम्ही धावलो. बापूसाहेब सगळ्यांत पुढे. पहिल्या ठेंगण्या दारात त्यांचं कपाळ सणकून आपटलं, पुढच्या प्रत्येक दारात मात्र ते वाकले. दारा आणि मी बाजूच्या खोल्या बघत होतो. स्तूपाच्या जरा अलीकडे, डावीकडच्या एका अरुंद खोलीत मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मान कलती, अंग घामाने थबथबलेलं, डोळे अर्धवट उघडे. समोरच्या भिंतीवर एक बाई कोरलेली, चेहरा झिजून गेलेला. तिच्या पायापाशी ज्वारीचे चार दाणे.

मावशींना शुगर होती आणि सकाळची गोळी घेतलेली. "नाश्ता काय केला?" मी विचारलं.

"न्हाई केला," बापूसाहेब म्हणाले. "ती वाढणारी पोरगी इचारत व्हती. मीच म्हनलं, तिला नको, तिला पाव चालत न्हाई."

शाळेत असल्या चक्कर येणाऱ्या मुली मी खूप पाहिल्यात, माझ्या पर्समध्ये ग्लुकोजची पावडर कायम असते. आधी थोडी गालाच्या आत चोळली, मावशी गिळायला लागल्या तसं पाण्यातून घोट घोट पाजलं. बापूसाहेब त्यांचे तळवे चोळत होते आणि "शके, ए शके" एवढंच म्हणत होते. दाराने फोन करून गाडी बोलावली. काही मिनिटांनी मावशींचे डोळे नीट उघडले. तोवर मी जेवढी घाबरले होते, तेवढी आयुष्यात कधी घाबरले नव्हते. नंतर तिथल्या डॉक्टरने तपासून सांगितलं की आता काळजीचं कारण नाही, पण अर्धा तास उशीर झाला असता तर कठीण होतं. आणि तो अर्धा तास गेलाच असता! आमच्या हिशेबाने सगळे आले होते. आम्ही बसमध्ये बसून निघालो असतो.

संध्याकाळी हॉटेलवर मावशी ठणठणीत होत्या. सगळे त्यांच्याभोवती जमले. कुणीतरी विचारलं, "मावशी, तेवीस तुम्ही म्हणालात का?" बापूसाहेबांनी तोंड उघडलं... आणि मिटलं. त्या टूरवरची ती पहिली वेळ.

मावशी म्हणाल्या, "माझी जीभच हालंना, मी काय म्हननार? ऐकू मातर समदं येत व्हतं. तुमची गिनती लांबून ऐकली. ह्यांनी 'सतरा-अठरा' म्हनलं. तवा मनात म्हनलं, झालं. मला मोजून टाकलं, आता कोन येतंय." त्यांनी बापूसाहेबांकडे पाहिलं, रागाने नाही. "मंग माझ्या शेजारून कुनीतरी म्हनलं, तेवीस. बाई व्हती. अगदी मांडीला मांडी लावून बसल्यावानी जवळ. वास बी आला... ओल्या मातीचा."

बापूसाहेब उठून गॅलरीत गेले आणि बराच वेळ पाठमोरे उभे राहिले.

मग अर्थातच चर्चा. पुणेकर एकत्र आल्यावर दुसरं काय होणार! कुणी म्हणालं दुसरा मराठी ग्रुप असेल. दाराने फोन करून चौकशी केली, त्या सकाळी तिथे आम्ही सोडून एक फ्रेंच ग्रुप होता. कुणी म्हणालं प्रतिध्वनी. त्यावर सगळ्यांनी नेनेकाकांकडे पाहिलं, कारण शास्त्रीय उत्तर त्यांच्याकडे असतं. नेनेकाकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "प्रतिध्वनी बावीसचा बावीसच येतो," ते म्हणाले. "तो पुढचा आकडा सांगत नाही." आणि झोपायला निघून गेले. वाद अर्धवट टाकून उठलेले नेनेकाका मी तेव्हाच पाहिले.

पुणे विमानतळावर उतरल्यावर बॅगांच्या पट्ट्यापाशी मी शेवटची गिनती घेतली. "पंधरा." "सोळा." "सतरा," बापूसाहेब म्हणाले आणि थांबले. त्यांनी मान वळवली. मावशी मागे नव्हत्या, त्यांच्या बाजूला उभ्या होत्या, पदर सावरत. त्यांनी मुद्दाम वेळ घेतला, अगदी निवांत. बापूसाहेबांचा श्वास अडकलेला मला दिसत होता.

"अठरा," मावशी म्हणाल्या आणि खळखळून हसल्या. आम्ही टाळ्या वाजवल्या, आजूबाजूचे लोक बघायला लागले. मग एकोणीस, वीस, एकवीस, नेनेकाकांचं बावीस... आणि त्यानंतर काहीही न ठरवता आम्ही सगळे गप्प उभे राहिलो. कान देऊन. पट्टा फिरत होता, बॅगा जात होत्या. कुणी काही म्हणालं नाही. खरं सांगू? मला थोडं वाईटच वाटलं.

तर असं आहे. मी तेव्हापासून पुष्कळ विचार केला. आवाज बावीस जणांनी ऐकला म्हणावं तर मावशी, एकवीस लोक, दारा आणि मी... म्हणजे चोवीस जणांनी ऐकला. मराठी न येणाऱ्या माणसाने तो शब्द जसाच्या तसा उच्चारून दाखवला. त्या मंदिरात मराठीत मोजणारी बाई कोण, आणि तिला आमची एक कमी आहे हे कसं कळलं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर जरूर कळवा. फक्त "मांजर असेल" असं कळवू नका.

गेल्या आठवड्यात श्रीलंकेच्या टूरची नोंदणी सुरू केली. पहिला फोन लोणीहून. "मॅडम, आमची दोघांची नावं लिवा," बापूसाहेब म्हणाले, आणि लगेच, "थांबा थांबा. तिलाच इचारतो."

फोनवर मावशी आल्या. "मी येते," त्या म्हणाल्या. "ह्यांना यायचं आसंल तर येतील. पन मॅडम, एक काम करा. तेवीस नंबर कुनाला देऊ नका. तिचा हाय त्यो."

मी यादी तशीच केली आहे. बावीसनंतर थेट चोवीस. चोवीस नंबर नेनेकाकांना दिला, म्हटलं आता तासभर भांडतील. त्यांनी यादी वाचली, बावीस आणि चोवीसच्या मधल्या रिकाम्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हिच्यासाठी बसमध्ये खिडकीची जागा ठेवा."