डोळ्याला कुंकू

आमच्या हिच्या मामांइतका रागीट माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात सापडणार नाही, आणि रागवायला त्यांच्याइतकी सबळ कारणंही दुसऱ्या कोणाकडे सापडणार नाहीत. मामा वागळे इस्टेटमधल्या एका भाड्याच्या शेडमध्ये स्वयंचलित मशीनं बनवायचे. बाटल्या भरणारी, लेबलं चिकटवणारी, डब्यांना झाकणं लावणारी. 'स्मार्ट' हा शब्द त्यांच्यापुढे काढायची सोय नव्हती. एकदा वर्तकनगरला त्यांच्याकडे जेवताना मी सहज म्हटलं, "मामा, आता सगळे कारखाने स्मार्ट होणार म्हणे." हातातला घास पानात ठेवून मामा कडाडले, "कारखाना होईल हो जावईबापू, मालकाचं काय करायचं?" जावयाचा मान ही भानगड त्यांच्याकडे फक्त दिवाळसणापुरती होती. मामी शांतपणे आमटी वाढत राहिल्या.

गिऱ्हाइकं त्यांच्याकडे 'फुल्ली ऑटोमॅटिक' मशीन मागायला येत. ते बसवल्यावर मामा बघायला जात, तर मशीनशेजारी स्टुलावर एक माणूस, हातात बांबूची काठी, अडकलेली बाटली पुढे ढकलायला! "मग ह्या काठीलाच ऑटोमॅटिक म्हणा आणि माझं मशीन मला परत द्या!" असं म्हणून मामा खरोखरच पाना मागत. सुटे भाग परदेशातून यायचे, आणि विचारलं की पुरवठादार सांगायचा, "शिपमेंटमध्ये आहे." मामा फोनवर ओरडायचे, "शिपमेंट हे कुठलं गाव आहे हो? सगळ्यांचा माल तिथेच कसा राहायला जातो?" हाताखाली तयार केलेली मुलं समोरच्या काचेच्या इमारतीत लॅपटॉप घेऊन बसायला निघून जायची. शेजारी टॉवर झाला, तर तिथल्या लोकांनी शेडच्या आवाजाची तक्रार केली. "कारखान्यांच्या मध्ये राहायला हे आले, आणि गप्प मी बसू?" सगळे हसायचे. मला मात्र यात हसण्यासारखं काही वाटत नाही, संताप येतो. ज्या रस्त्यावर स्क्रूपासून औषधापर्यंत सगळं बनत होतं, तिथे आता फक्त कॉफी बनते, आणि त्याला आपण प्रगती म्हणतो.

गेल्या दसऱ्याला मामांची शेड पणाला लागली होती. मोहने गावाच्या बाजूला बाम बनवणारं एक जुनं गिऱ्हाईक होतं. आता तिथे त्यांचा मुलगा कारभार बघतो. त्याने झाकणं लावणारं मशीन घेतलं तर शेड टिकणार, नाहीतर जागा मालकाला परत करायची. मुहूर्त चांगला म्हणून मामांनी त्याला दसऱ्यालाच बघायला बोलावलं. आम्हीही कोपरच्या घरून गेलेलो. मशीनला झेंडूचा हार, पुढे पेढे. झाकण बसलं की नाही हे बघणारा सेन्सर असतो, त्याला मामा डोळा म्हणत. झाकण दिसलं नाही की मशीन ती डबी बाहेर फेकतं. मामांनी पूजा केली, बटण दाबलं, आणि मशीनने व्यवस्थित झाकण लावलेली पहिली डबी फेकली. मग दुसरी. मग सगळ्याच.

मामा सुटले. वीज कंपनी, सेन्सरवाला, शिपमेंट, टॉवरमधले रहिवासी, कोणी म्हणून वाचलं नाही. शेवटी मामी म्हणाल्या, "अहो, त्याच्या डोळ्यात तुम्हीच बोटभर कुंकू फासलंय. त्या बिचाऱ्याला दिसणार काय?" मामांनी रुमालाने कुंकू पुसलं आणि मशीन सुरळीत चालू लागलं. एक डबी चुकली नाही.

गिऱ्हाइकाचा मुलगा पोट धरून हसला. पेढा तोंडात टाकत म्हणाला, "काका, मशीन एकदम टॉप आहे. पण चायनाच्या मशीनला हे पूजाबिजा काय लागत नाय. तसं आमचं त्या पार्टीशी फायनल झालंय ऑलरेडी. पप्पा बोलले, काकांना वाईट नको वाटायला, म्हणून आलेलो."

म्हणजे हा इसम ठरवूनच आला होता! माझ्या तोंडावर चार शब्द आले होते. मी मामांकडे बघितलं, आता ते याला उभा सोलणार अशी माझी खात्री होती. मामांनी त्याच्यापुढे पेढ्यांचं ताट धरलं आणि म्हणाले, "घ्या, अजून एक घ्या. पप्पांनाही न्या."

शेड गेली. मशीनं कोणी कोणी भंगाराच्या भावात नेली. मागच्या आठवड्यात मी मामांना फोन केला आणि विचारलं, "कसे आहात?"

"मजेत," मामा म्हणाले. "तुम्ही कसे आहात?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला हे कधीच विचारलं नव्हतं. मी फोन ठेवला. हिला सांगितलं. तशी ही उठली आणि स्वयंपाकघरातली कपाटं एकेक करून उघडू लागली.

"काय शोधतेयस?"

"बिघडलेलं काहीतरी," ही डोळे पुसत म्हणाली. "रविवारी मामाकडे घेऊन जाऊ."