पाणथरीची नजर

"फाल्सिपेरम मलेरिया है, मैडम. आज ही ॲडमिट करना पड़ेगा," डॉक्टर म्हणाले, तेव्हा मी आधी घाबरले नाही. हॉस्पिटलला रिकामी खाट भरायची असेल, असंच माझ्या मनात आलं. कारण माझ्या पर्समध्ये यांचा आदल्या दिवशीचा रिपोर्ट होता. स्नेहलतागंजमधल्या आमच्या घराजवळच्याच लॅबचा, आणि त्यावर स्पष्ट छापलं होतं, मलेरिया निगेटिव्ह.

मी गणिताची शिक्षिका होते. निम्मं आयुष्य परीक्षेच्या वर्गात कॉप्या पकडण्यात गेलं, आणि ती नजर रिटायर झाल्यावरही रिटायर झाली नाही. मिठाईचा मावा हुंगल्याशिवाय मी घेत नाही. हे, म्हणजे माझे यजमान, रेल्वेत होते आणि त्यांचा साऱ्या जगावर विश्वास. आमचा संसार असा दोन पारड्यांत तोलून चाललेला.

हे मंडल्याकडच्या जंगलपट्टीत एका जुन्या सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नाला गेले होते. परत आल्यावर काही दिवसांनी थंडी वाजून ताप आला. दोन रजया टाकल्या तरी दात वाजत होते. त्या सकाळी त्यांनी मला ऑफिसातले हेडक्लार्क समजून "बडे बाबू" अशी हाक मारली आणि सुट्टीचा अर्ज मंजूर करा म्हणाले. मी आधी हसले. मग त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि रिक्षा बोलावली.

मी तो आणि हॉस्पिटलचा आजचा, असे दोन्ही रिपोर्ट डॉक्टरांपुढे ठेवले. "यातला खोटा कोणता?"

"दोनों सच्चे हैं," ते म्हणाले.

त्यांनी कागदावर एक गोल काढला. ही तांबडी पेशी, रेड ब्लड सेल. मऊ, लवचिक, बारीक नळीतूनही अंग चोरून जाणारी. मलेरियाचा जंतू हिच्या आत शिरतो आणि तिच्यातलं हिमोग्लोबिन खाऊन वाढतो. पेशी ताठर होते. फाल्सिपेरमच्या जातीत तिच्या अंगावर बारीक उंचवटे येतात आणि ती रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून बसते. शेवटी फुटते आणि जंतूची पिल्लं नव्या पेशी शोधतात. अशा खूप पेशी एकदम फुटल्या की थंडी वाजते.

"चिकटतात कशाला?" मी विचारलं.

"तिल्ली से बचने के लिए."

तिल्ली म्हणजे स्प्लीन. मराठीत पाणथरी. माझी आई म्हणायची, हिवतापात पाणथरी वाढते. ही पाणथरी प्रत्येक तांबड्या पेशीला अरुंद फटीतून जायला लावते. जी वाकत नाही, तिला अडवते. म्हणून जंतू पेशीला तिथवर जाऊच देत नाही. बोटातून काढलेल्या थेंबात फक्त वाहत्या पेशी येतात, चिकटलेल्या येत नाहीत. म्हणून कधी कधी पहिली तपासणी कोरी येते, आणि पेशी मेंदूतल्या नळ्यांना चिकटल्या तर माणूस बायकोला बडे बाबू म्हणतो.

सगळं पटलं. मी ॲडमिशनच्या कागदावर सही केली.

आर्टेसुनेट नावाची इंजेक्शनं शिरेतून सुरू झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी रिपोर्ट आला, जंतूंची संख्या कालच्यापेक्षा जास्त! आता मात्र माझी खात्री पटली की औषध बनावट आहे. कचऱ्याच्या डब्यातल्या रिकाम्या बाटल्या बघू द्या, म्हणून मी सिस्टरच्या मागे लागले. एक्स्पायरीची तारीख वाचली, सील तपासलं. डॉक्टर रागावले नाहीत. लपलेले आता बाहेर येतायत, म्हणून आकडा चढतो, घाबरू नका, म्हणाले. त्यांच्यावर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी वेटिंग रूममध्ये बसून खजरान्याच्या गणपतीला नवस बोलले आणि दाराकडे बघत राहिले.

संध्याकाळी हे शुद्धीवर येऊन म्हणाले, "अगं, चहा मिळेल का इथं? एकदम कडक." मी तिथेच रडले.

घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं, महिनाभर दर आठवड्याला हिमोग्लोबिन तपासा. काहींच्या रक्तपेशी या औषधानंतर उशिरा फुटतात, मग दम लागतो, लघवी काळपट होते. मी रिक्षात बसल्या बसल्या म्हटलं, ही लॅबवाल्यांची दुकानदारी. तरी पहिल्या आठवड्याची तपासणी केली, तीही वेगळ्याच लॅबमध्ये. ठीक आली. दुसऱ्या आठवड्याला हे म्हणाले, "खाली-पिली सुई कशाला? तूच तर म्हणालीस, दुकानदारी आहे ती." माझंच अस्त्र माझ्यावर! ती तपासणी राहिली. पण चैन पडेना.

त्या रविवारी यांनीच हट्ट धरला, पोहे-जलेबी खायला जाऊ. आमच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी आहे, तिथे हे कित्येक वर्षं उभ्यानेच पोहे खातात, उभ्यानेच गप्पा मारतात. त्या दिवशी गाडीवाल्याला म्हणाले, "भिया, जरा स्टूल देना." आणि माझ्याकडे बघून हसले, अगदी भोळेपणाने.

तो चेहरा मी ओळखते. बाकाखाली चिठ्ठी असलेली मुलं तस्साच चेहरा करतात.

"दम लागतोय?"

"नाही गं. मी एकदम बढिया. ऊन आहे ना, म्हणून."

ऊन नव्हतंच. मी त्यांच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून बघितली. आतून पांढरीफटक. लोक बघत होते, बघू देत. मी हळूच विचारलं, "लघवीचा रंग कसा आहे?"

"असेल चहासारखा."

"दुधाच्या की कोऱ्या?"

हे प्लेटमधल्या शेवेकडे बघत राहिले. "कोऱ्या. तू घाबरशील म्हणून सांगितलं नाही."

पोहे तसेच टाकून आम्ही हॉस्पिटल गाठलं. हिमोग्लोबिन निम्म्यावर आलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं ते मी आयुष्यभर विसरणार नाही. औषधाने जंतू पेशीच्या आतच मरतो. पाणथरी त्या पेशीतून मेलेला जंतू अलगद उपसून काढते आणि पेशीला पुन्हा कामावर पाठवते. पण या झटापटीत पेशीचं कवच कमी होतं. ती दिसते ठणठणीत, पण अल्पायुषी असते. अशा पेशी काही दिवसांनी एका पाठोपाठ एक फुटतात.

"अच्छा हुआ आपने शक किया," डॉक्टर म्हणाले. मला असं कोणी पहिल्यांदाच म्हणालं.

तुमच्या घरी असा ताप आला तर माणूस कुठे जाऊन आला ते डॉक्टरांनी विचारायच्या आधीच त्यांना सांगा. एक रिपोर्ट कोरा आला म्हणून निवांत होऊ नका, तपासणी पुन्हा करा. आणि बरं वाटायला लागल्यावर सांगितलेल्या तपासण्या चुकवू नका. डॉक्टरांवर संशय घ्यायचा तर खुशाल घ्या, पण "मी बढिया आहे" म्हणणाऱ्या पेशंटवर त्याच्या दुप्पट घ्या.

त्या दुपारी यांना रक्त चढवलं. दोन सिस्टरनी पिशवीवरचा ग्रुप आणि नंबर मोठ्याने वाचून ताडून पाहिला. त्या गेल्यावर मी चष्मा लावून पुन्हा वाचला. मग पिशवी हलकेच वळवून मागची बाजूही बघितली.

हे डोळे मिटून पडले होते असं मला वाटलं, पण बघत होते. "झालं सुरू हिचं. आता कोणावर शक आहे?"

"कोणावरच नाही."

"मग काय शोधतेस?"

"देणाऱ्याचं नाव," मी म्हटलं. "लिहिलेलंच नाही हो कुठे. धन्यवाद कुणाला म्हणू?"