जनाआत्याचं ‘नाय’

जनाआत्या सभेला जायची ती वक्त्याकडे पाठ करून बसायला. वक्ता मुंबईहून आलेला पुढारी असो नाहीतर आमच्याच गावचा, ही पहिल्या रांगेत जागा धरायची, पदर खोचायची आणि लोकांकडे तोंड करून बसायची. माझे वडील म्हणजे तिचा धाकटा भाऊ. ते लाजेनं अर्धे व्हायचे.

‘‘अगं बाय, मानूस तिकडं बोलतंय,’’ ते कुजबुजायचे.

‘‘बोलू दे की. त्याचा तोंड बगून मना काय कलनार? आयकनाऱ्यांची तोंडा बगायची. कोन पेटलाय, कोन निजलाय, त्याच्यावरनं समजतं.’’

आमचं गाव बेलापूरच्या खाडीकाठचं. आत्याच्या नवऱ्याच्या दोन होड्या होत्या, आणि मासळीचा सगळा व्यवहार आत्याच्या तोंडावर चालायचा. ते तोंड भयंकर होतं. गिऱ्हाइकांचं सोडाच, देवळाचा पुजारीसुद्धा तिला वचकून असायचा. पोटात तर काही राहतच नसे. कुणाची सोयरीक जमतेय असं तिला सकाळी कळलं, की संध्याकाळी शेजारच्या दिवाळे गावच्या बायका आम्हाला विचारायच्या. तरीही ‘जना बोलली’ म्हटलं की गाव ऐकायचं, कारण ती बोलायची ते तोंडावर.

नवं शहर बसवायला आमच्या जमिनी घेतल्या गेल्या, तेव्हा मी नुकताच कॉलेजातून बाहेर पडलो होतो. अंगात नुसती आग होती. त्यातच खाडीवर जायची वाट नव्या आराखड्यात बंद होणार अशी बातमी आली. मी देवळापुढच्या पारावर चढून असं काही बोललो की म्हाताऱ्यांचे डोळे भरून आले आणि पोरांनी मला खांद्यावर घेऊन गावभर फिरवलं. ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर होती. आमच्याकडे उमेदवार ठरवायची ती गावकी, म्हणजे गावातल्या सगळ्या घरांची बैठक. देवीपुढे विडा ठेवायचा, गावकी ज्याचं नाव घेईल त्यानं तो उचलायचा. एकदा विडा उचलला की गावातून दुसऱ्या कुणी अर्ज भरायचा नाही. या खेपेचा विडा आपलाच, असं मी धरून चाललो होतो. दुसरं नाव होतं पोशादादाचं. तो बरीच वर्षं पंचायतीत सदस्य होता, आणि बोलायला उभा राहिला की कुत्रीसुद्धा उठून जायची.

गावकी बसली. आत्या उठली तेव्हा मी मनातल्या मनात विडा उचललाही होता.

‘‘विडा पोशाला द्या,’’ ती म्हणाली.

‘‘का गं आत्या? माझं काय चुकलं?’’ मी भर बैठकीत विचारलं.

‘‘चुकलं नाय रं. तू बोललास तवा सगल्यांची तोंडा बगली मी. गाव पेटलाय. पेटलेल्याला अजून काडी कशाला लावायची? आता सायबाच्या दारात बसनारा पायजे. तू दोन वेला जाशील, तिसऱ्या वेलेला भांडून येशील. पोशा बसल. डबा घेऊन बसल.’’ लोक हसले. मग तिनं जोडलं, ‘‘पन तू बी जा त्याच्यासंगती. त्याला बोलता येत नाय, तुला बसता येत नाय.’’

विडा पोशादादानं उचलला. मी आत्याशी बोलणं टाकलं, पण त्याच्याबरोबर नव्या शहराच्या कचेरीत गेलो. तो माणूस खरंच बसायचा. शिपायाची विचारपूस करायचा, कारकुनाला पोराबाळांचं विचारायचा, आणि साहेबानं ‘नंतर या’ म्हटलं की ‘हो’ म्हणून तिथेच बाकावर थांबायचा. शेवटी त्यानं साहेबाकडे मागितलं ते एवढंच, की होड्या लागायच्या वेळेला एकदा खाडीवर या. साहेब आले. डोक्यावर पाट्या घेतलेल्या बायकांची रांग त्या वाटेनं वर येत होती. ती जाईपर्यंत साहेबांना बाजूच्या चिखलात उभं राहावं लागलं. पुढे नव्या आराखड्यात ती वाट राहिली. मी त्या दिवशी तोंड उघडलं नाही, आणि तेच बरं झालं.

पुढच्या निवडणुकीत आत्यानंच माझं नाव घेतलं. मी सरपंच झालो. साहेबलोक मला नावानं ओळखू लागले, गेल्यावर खुर्ची देऊ लागले. एव्हाना पलीकडे नव्या इमारती उठल्या होत्या, तिथे चौथ्या मजल्यावर नळाला पाणी येत होतं, आणि आमच्या बायका टँकरमागे हंडे घेऊन पळत होत्या. मी सांगायचो, फाइल पुढे सरकलीय, जरा धीर धरा.

पुन्हा गावकी बसली. या वेळी माझ्यासमोर सुमन होती, गावचीच लेक, बालवाडी चालवणारी. कचेरीची पायरी तिनं कधी चढलेली नव्हती. ती बोलली, मी बोललो, आणि आत्या आम्हा दोघांकडे पाठ करून बसून होती.

‘‘विडा सुमनला द्या.’’

आता मात्र माझा तोल गेला. ‘‘पोशादादाच्या वेळेला तुला जाणता माणूस हवा होता. आता मी जाणता झालो, तर तुला भाषण हवं?’’

‘‘तवा गाव पेटला व्हता, म्हनून बसनारा पायजे व्हता. आता गाव निजलाय. तू बोलत व्हतास तवा बायका माना डोलवत व्हत्या, व्हईल, व्हईल. तुज्यावर इस्वास हाय नं त्यांचा, म्हनूनच निजल्यात. सुमन बोलली तवा त्यांना नलाचा पानी दिसला.’’

विडा सुमननं उचलला. मी घरी येऊन पडून राहिलो. दुपारी आत्या आली. तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण तिनं माझ्यापुढे ठेवलं.

‘‘मी तुझा सख्खा भाचा,’’ मी म्हणालो. ‘‘आणि दोनदा भर गावात मला नाही म्हणालीस.’’

‘‘सख्खा म्हनून तं म्हनले. परक्याला कोन नाय म्हनतं? त्याला हो हो म्हनून सोरून देतात. जेव आता.’’

जेवलो. दुसऱ्या दिवशी सुमन दारात उभी. ‘‘दादा, सायबाकडं जायचाय. तुमी चला.’’ तिला कुणी पाठवलं ते विचारायची गरज नव्हती. तिनं गावातल्या बायका रिकामे हंडे घेऊन कचेरीत आणल्या, आणि कोणत्या दारात बसायचं ते मी दाखवलं. वर्षभरात गावात नळ आला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी आत्या गेली, चार दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन.

मी पुन्हा निवडून आलो, एकदा पडलोही. दारात येऊन ‘तुमीच पायजे’ म्हणणारी माणसं पुष्कळ भेटली. खोटं कशाला बोलू, बरं वाटायचं. पण मला पाडायला उठून मग ताट घेऊन येणारं माणूस मला एकच मिळालं, आणि ते माझ्या घरातलं होतं, हे माझं भाग्य.