कपाळापाशी थांबलेली खूण

गेल्या वर्षी राखेच्या बुधवारी, तलासरीच्या चर्चमध्ये सकाळच्या मिस्सेला कपाळावर राख लावून घेताना मी एक निश्चय केला. आमच्या घरी ईस्टरआधीच्या उपवासकाळाचे चाळीस दिवस प्रत्येक जण काहीतरी सोडतो. वडील मटण-मासळी सोडतात, आई चहा सोडते. मला हे त्याग फारच प्राथमिक इयत्तेतले वाटत. चहा सोडल्याने माणसात मोजण्याजोगा काही फरक पडतो, याचा पुरावा माझ्यासमोर कधी आला नव्हता. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केले आहे, आणि ही माहिती मी गरजेपेक्षा जास्त वेळा पुरवते. तेव्हा मी ठरवले की आपण भीती सोडायची. कामाच्या ठिकाणी, डबा उघडण्यापूर्वी, सर्वांसमक्ष क्रुसाची खूण करून प्रार्थना करायची.

माती आणि पाणी तपासणाऱ्या डहाणूतल्या एका छोट्या प्रयोगशाळेत मी काम करते. दुपारी मागच्या खोलीत आम्ही चौघे एकत्र जेवतो. एक आमचे सर, म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख. दुसरा वाड्यावाड्यांतून मातीचे नमुने आणणारा सहकारी; घरची चिकूची बाग असलेला आणि कुणालाही चिडवल्याशिवाय घास न गिळणारा. तिसऱ्या काकी. त्या गंजाडहून येतात, आमची काचेची सगळी भांडी धुतात, आणि दिवसभर उभे राहून त्यांचे गुडघे कामातून गेले आहेत.

मी ख्रिस्ती आहे हे त्या तिघांना ठाऊक होतेच. नाताळात मी नेलेला केक दहा मिनिटांत संपतो. धर्म लपवण्याचे काही कारण नव्हते. लपवायची होती ती श्रद्धा. सर एकदा पाहुण्यांसमोर म्हणाले होते, “या आमच्या मॅडम. पुराव्याशिवाय कशावरही विश्वास ठेवत नाहीत.” ते वाक्य मी दागिन्यासारखे जपले होते. पीएच.डी.साठी मला सरांचे शिफारसपत्रही हवे होते. केक वाटणारी ख्रिस्ती विज्ञानात शोभून दिसते; पोळीभाजीपुढे डोळे मिटणारी शोभेल की नाही, याची मला खात्री नव्हती.

पहिल्या दिवशी डबा समोर ठेवला आणि उजवा हात उचलला. पित्याच्या नावाने बोटे कपाळाला टेकली, आणि नेमके त्याच क्षणी सहकाऱ्याने मान वर केली. माझा हात जिथे होता तिथेच थांबला. छातीवरचा पुत्र आणि खांद्यांवरचा पवित्र आत्मा दोघेही वाट पाहत राहिले आणि मी दोन बोटांनी कपाळ चोळू लागले.

“काय झाला, बाय? डोका दुखतंय?” काकींनी विचारले.

“हो काकी. थोडंसं.”

एका ‘हो’ने सुटका झाली. दुसऱ्या दिवशी मी तीच पद्धत पुन्हा वापरली, आणि आठवडाभरात ती प्रमाणित झाली. डोळे मिटायचे, दोन बोटे कपाळावर ठेवायची, चेहऱ्यावर माफक वेदना आणायची आणि चार सेकंदांत आटोपायचे. प्रार्थना गुप्तपणे करावी, याला पवित्र शास्त्रात आधार आहेच. तो मी त्या काळात वारंवार आठवून पाहिला. त्यात डोकेदुखीचा उल्लेख मात्र कुठे सापडला नाही.

दुखणे रोजचे झाले तशी सगळ्यांना काळजी वाटू लागली. सहकारी गोळ्या आणू लागला. “घ्या मॅडम, नाहीतर तुमच्या डोक्याचाच नमुना तपासायला पाठवावा लागेल.” मी त्या ड्रॉवरमध्ये साठवत गेले. सरांनी अर्ध्या दिवसाची सुट्टी देऊन डोळे तपासायला पाठवले, आणि खरे बोलण्यापेक्षा सोपे म्हणून मी गेलेसुद्धा.

डोळे तपासणाऱ्यांनी विचारले, “कधी दुखतं?”

“जेवणाआधी.”

“आणि जेवल्यावर?”

“थांबतं.”

त्यांनी विजेरी बंद केली. “मग जेवत जा,” म्हणाले.

काकींनी काय केले हे मला उशिरा कळले. सकाळी अकराचा चहा ही त्यांची एकमेव चैन. हात पुसून, स्टुलावर बसून, बशीत ओतून त्या तो असा पितात की त्या वेळी बीकर फुटला तरी मागे वळून पाहत नाहीत. ईस्टरच्या आठवडाभर आधी, झावळ्यांच्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आले की स्टूल रिकामे आहे.

“काकी, चहा?”

“सोडलाय.”

“का?”

काकींनी बीकर विसळायला घेतला. सहकारी बोलला. “तुमच्यापायी, मॅडम. तीन आठवडे झाले. गडावरच्या महालक्ष्मीला नवस बोलल्यात. तुमचं डोकं दुखायचं थांबेपर्यंत चहा नाही, आणि थांबलं की नारळ घेऊन गड चढणार. तुम्हाला माहीत नाही?”

मला माहीत नव्हते. मातीच्या एका नमुन्यातले चौदा घटक मी सांगू शकते. समोरच्या बाईच्या हातात तीन आठवडे बशी नाही, हे मला दिसले नव्हते. जो त्याग मी प्राथमिक म्हणून बाजूला सारला होता, तो काकींनी माझ्याच उपवासकाळात, माझ्याच खोटेपणापायी, एक अक्षर न बोलता केला होता. त्यांच्या श्रद्धेची त्यांना लाज वाटत नव्हती. माझी मी कपाळात लपवली होती.

सवयीप्रमाणे मी पर्याय मांडले. डोके थांबले म्हणून जाहीर करावे, तर त्या गुडघ्यांनी काकी गड चढणार आणि खोटे कायमचे पक्के होणार. दुखणे चालू ठेवावे, तर चहा बंदच राहणार. तिसरा पर्याय खरे सांगण्याचा होता. तो पहिल्या मिनिटाला दिसत होता. मला तिथवर पोहोचायला तीन दिवस लागले. पवित्र गुरुवार उजाडला. उद्यापासून गुड फ्रायडेची सुट्टी होती.

“काकी,” डबे उघडताना मी म्हणाले, “माझं डोकं दुखत नाही.”

काकींनी लगेच हात जोडले. “आई पावली!”

“तसं नाही. ते कधी दुखतच नव्हतं. मी प्रार्थना करत होते. जेवणाआधीची.”

सहकाऱ्याचा घास हातातच राहिला. “आणि माझ्या गोळ्या?”

“ड्रॉवरमध्ये आहेत. सगळ्या.”

“म्हणजे सहा आठवडे चुकीचं रीडिंग,” सर भाजीकडे पाहत म्हणाले, “आणि आम्ही तिघांनी ते बरोबर धरलं.” ते हसले नाहीत. शिफारसपत्र गेले, असा विचार माझ्या मनात आला. त्या क्षणीही आला, हे नोंदवायलाच हवे.

काकी मात्र माझ्याकडे बघतच होत्या. “प्रार्थना करत होतीस तर तोंड असं का करायचीस? काढा प्यायल्यासारखं?”

“कुणाला कळू नये म्हणून.”

“देवाचं नाव घेतेस ते कळू नये म्हणून?” त्यांचा आवाज चढला. “मी आईला सांगून आले, पोरीचं डोकं दुखतंय. तिच्यासमोर मला खोटी पाडलीस तू. आता तिला काय सांगू?”

प्रार्थना लपवण्यात माझे फक्त माझ्या देवाशी वाकडे येईल, असा माझा हिशेब होता.

“चुकले, काकी. पण गडावर नका जाऊ. तुमचे गुडघे...”

“बोलले ते बोलले. यात्रेत जाणार. गुडघे माझे आहेत.” मग हात झटकून त्या म्हणाल्या, “चहा ठेव.”

मी भाकरी-भाजीच्या मध्ये उठून चहा ठेवला. काकींनी तो बशीत ओतून शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. वर म्हणाल्या, “साखर कमी.” त्या मला नव्हे, भिंतीला म्हणाल्या.

ईस्टरनंतरच्या सोमवारी आम्ही पुन्हा त्याच टेबलाभोवती बसलो. सहकाऱ्याने सवयीने भाकरी मोडायला घेतली, तोच काकींनी त्याच्या हातावर चापट मारली. “थांब रे. तिचं होऊ दे आधी.”

मी हात उचलला. कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा. चार सेकंदांत माझी नेहमीची प्रार्थना संपली. एक डोळा किलकिला करून पाहिले, तर तिघेही हात आवरून बसले होते. सरांनी डब्यावर पुन्हा झाकण ठेवले होते. काकी एखाद्या परीक्षकासारख्या माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या. एवढ्या लवकर आमेन म्हटले असते तर कुणाचाच विश्वास बसला नसता. मी डोळा पुन्हा मिटला, आणि पाचव्या सेकंदाला माझ्याजवळ बोलायला काहीच नव्हते. सहा आठवडे मी प्रार्थना लपवण्यात इतकी गुंतले होते की लपवण्याजोगे आत फारसे काही आहे का, हे तपासायचे राहून गेले होते.

मग यात्रेचा येता रविवार आणि काकींचा गड आठवला. मी काकींच्या गुडघ्यांसाठी मागितले. किती पायऱ्या आहेत हे मला माहीत नव्हते, म्हणून चढायच्या आणि उतरायच्या सगळ्यांसाठी एकदमच मागितले. यात बराच वेळ गेला असावा, कारण सहकाऱ्याच्या पोटातून आवाज आला.

“झालं?” काकींनी विचारले.

“झालं.”

त्यांनी भाकरी मोडली. “तोंड अजून तसंच करतेस,” म्हणाल्या, आणि बोंबलाचा एक तुकडा माझ्या डब्यात टाकला.