तळघरातलं सिंक

कुठेही गेले तरी आमचे चेअरमनसाहेब आधी तिथला नळ पिळून घट्ट करायचे आणि चारचौघांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "पाणी म्हंजे जीव हाय." नळ बहुधा कोरडाच असायचा, कारण आमच्या शिरूर भागात त्या साली प्यायचं पाणीसुद्धा टँकरनं येत होतं. पण शिस्त म्हणजे शिस्त. असे थोर पुरुष तुम्हीही पाहिले असतील.

ते दूध सोसायटीचे चेअरमन, मी नळकाम करणारा. त्यांच्या बाईसाहेब वारलेल्या, मुलगा पुण्याला. ऐन दुष्काळात साहेबांनी बंगला बांधला आणि एक दिवस मला तळघरात नेऊन हळूच म्हणाले, "इथं एक सिंक पायजे. बारीकसं. पावन्यांसाठी." भिंतीला बाटल्या-ग्लासांच्या फळ्या आधीच ठोकलेल्या. पाहुणे कोणते, ते मला कळलं. गळ्यात तुळशीची माळ, सोसायटीची निवडणूक तोंडावर. गावात बोभाटा झाला असता तर खुर्ची गेलीच होती.

"साहेब, गटार वर, सिंक खाली. सांडपाणी आपोआप वर चढत न्हाई."

"ठराव करू की," ते म्हणाले.

ठरावानं भागेना, म्हणून मी खड्डा घेऊन छोटी मोटर बसवली. मग त्यांनी सिंकजवळ एक खिळा मारून घेतला, पिताना माळ काढून अडकवायला. देवाची अडचण अशी सुटली.

चाचणीच्या दिवशी मी नळ सोडला, मोटर लावली. पाणी साहेबांच्या बोअरचं. ती आटली, असं साहेब स्वतःच गावभर सांगत होते. "जाऊ द्या अजून," ते खुशीत म्हणाले. वर रस्त्यावरचं गटार कित्येक महिने खडखडीत कोरडं होतं, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. त्यातून एकाएकी स्वच्छ पाणी वाहू लागलं आणि टँकरची वाट बघणाऱ्या बाया हंडे घेऊन, माग काढत, थेट तळघरात उतरल्या.

पुढची म्हातारी म्हणाली, "चेअरमन, भुयारात नळ कशापायी बसवलाय बाबा?"

साहेबांनी फळ्यांकडे पाहिलं, खिळ्याकडे पाहिलं. मग हात जोडले. "मावशे, तुमच्यासाठीच. पाणी म्हंजे जीव हाय."

झालं. सकाळ-संध्याकाळ तळघरात रांग. निवडणूक बिनविरोध झाली, पिण्याचा मुहूर्त तेवढा लागेना.

पण खरं सांगतो, सुरुवातीला रांगेपाशी तोंड पाडून उभा राहणारा हा माणूस महिन्याभरात बायांच्या डोक्यावर स्वतः हंडे चढवू लागला. कुणाची सून बाळंत झाली, कुणाचा मुलगा ऊसतोडीहून परतलाच नाही, सगळं त्यांना पाठ. मला ते पहिल्यांदा आवडले ते तेव्हा.

पुढं पाऊस झाला, विहिरी भरल्या, रांग संपली. मग मला निरोप यायला लागले, "तळघरातली तोटी लई गळतीय, या." जाऊन बघावं तर एक थेंब नाही. मी उगाच पाना फिरवायचो, ते पायरीवर बसून या-त्या घरची चौकशी करायचे.

ते वारले त्याच्या थोडंच आधी गेलो होतो, तेव्हा मी चेष्टेनं म्हणालो, "साहेब, आता आणा की बाटली. कोण येतंय बघायला?"

"त्येच म्हणतो मी," जिन्याकडे बघत ते म्हणाले, "कोण येतंय?"