शिवरामपेठेतला कच्चा दोरा

सोलापूर स्टेशनवर गाडी हलायच्या आधी अण्णांनी खिडकीतून हात घातला आणि माझ्या बाहीची शिलाई चिमटीत धरून पाहिली. इतरांचे वडील निरोप देताना पाण्याची बाटली देतात, सामान मोजतात; माझ्या वडिलांनी शिलाई तपासली. बार्शीत त्यांचं शिंप्याचं दुकान आहे. लग्नात असोत की मयतीला, समोरच्याच्या चेहऱ्याआधी त्यांना त्याचा सदरा दिसतो. आई शेजारी उभी राहून पदराने नाक पुसत होती. "खाल्लेलं अंगी लागू दे," एवढंच ती म्हणाली. गाडी सुटली तेव्हा बाही सोडायला अण्णांना जरा उशीरच झाला.

म्हैसूरच्या एका खाजगी विद्यापीठात मला फार्मसीला प्रवेश मिळाला होता. त्यांच्या गुळगुळीत माहितीपुस्तिकेत होतं ते सगळं तिथे खरंच होतं. काचेची इमारत होती, गळ्यातलं कार्ड टेकवलं की उघडणारं फाटक होतं आणि बसायला मनाई असलेली सुंदर हिरवळ होती. वर्गात केरळची, कोडगूची, बेंगळुरूची मुलं. सोमवारी फॉर्मल कपडे आणि प्रेझेंटेशन. माझं इंग्रजी कागदावर बरं होतं, उभं राहिलं की पळून जायचं. शनिवार आला की मुलं बॅगा उचलून घरी जायची आणि वसतिगृहाच्या लांबलचक व्हरांड्यात मी आणि वाळत घातलेले कपडे उरायचो. मेसमध्ये सकाळ-संध्याकाळ भात. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेलं पोट त्याने भरायचं आणि लगेच रितं व्हायचं. बाहेर पडावं तर रिक्षावाल्यालाही सगळे अण्णा म्हणत. पहिल्यांदा ती हाक ऐकली तेव्हा मी चक्क वळून पाहिलं होतं.

पहिल्या दिवाळीला परीक्षेमुळे घरी जाता आलं नाही. अण्णांनी मोरपंखी कुर्ता शिवून कुरियरने पाठवला. माप विचारलं नव्हतं. पोटच्या पोरीचं माप विचारायची पाळी त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. कुर्ता अंगात घालून आरशात पाहिलं तर खांदे ओघळलेले आणि कमरेशी मूठभर कापड लोंबतंय. तोवर मला वाटत होतं, आपल्याला नुसतं करमत नाहीये. आपण किती वाळलोय ते त्या कुर्त्याने सांगितलं. मी पलंगावर बसून पोटभर रडले. मला परत यायचंय, हे रोज फोनवर ओठांपर्यंत यायचं आणि मी गिळून टाकायचे. कारण तिकडे अण्णांनी दुकानाचा पुढचा अर्धा भाग मोकळा करून भिंतींना फळ्या मारून घेतल्या होत्या. मी शिकून आले की तिथे माझं मेडिकल निघायचं होतं.

कुर्ता बारीक करून घ्यायला मी म्हैसूरच्या शिवरामपेठेत गेले. एका अरुंद दुकानात मशीनच्या वर विठोबाची तसबीर दिसली म्हणून आत शिरले आणि मोडक्या हिंदीत सुरुवात केली. दुकानदारांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "मराठी का अम्मा?" त्यांचं नाव पांडुरंगराव. त्यांची कितवी तरी पिढी म्हैसुरातच जन्मलेली, घरात मराठी टिकवलेली. त्यांनी कुर्ता उलटा केला, आतल्या शिलाईवरून बोट फिरवलं.

"हे घरचं शिवलेलं, अल्वा?"

वडिलांनी शिवलंय म्हटल्यावर त्यांनी हातातली कात्री खाली ठेवली. "मग कापत नाय अम्मा. आमच्यात बापाच्या हातच्या शिलाईला दुसऱ्यानं कात्री लावायची नाय. सुम्ने कच्चा दोरा घालतो. अंग भरलं की उसव, मत्ते होतं तसं."

अल्वा म्हणजे हो ना, मत्ते म्हणजे पुन्हा आणि सुम्ने म्हणजे उगीच, नुसतं. हा शेवटचा शब्द मी तिथून उचलला तो अजून तोंडातून जात नाही.

मग मी दर एकादशीला त्यांच्या विठ्ठल मंदिरात भजनाला जाऊ लागले. अभंग मराठी, मधल्या गप्पा कन्नड. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जेवण. भाकरी तिथेही नव्हती, नाचणीच्या पिठाचा शिजवलेला गोळा, म्हणजे मुद्दे, असे. पण वाढणारी बाई पुन्हा वाढू का म्हणून विचारत असे, आणि मला तेच हवं होतं. परत यायचंय हे वाक्य हळूहळू ओठांवर येईनासं झालं. प्रेझेंटेशनला पाय कापायचे थांबले. अंगही धरलं, पण पूर्वीसारखं नाही. कच्चा दोरा झिजला की पांडुरंगराव नवा घालत, आणि तो उसवायची वेळ काही आली नाही.

शेवटच्या वर्षी म्हैसूरजवळच्या कडकोळच्या एका औषध कारखान्यात नोकरी मिळाली. अण्णांना फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडे मशीनचा आवाज थांबला. "पदवीदानाला येतो. मग बोलू," ते म्हणाले. ते मला परत न्यायला येत होते, हे मला कळत होतं. त्या फळ्यांवर माझी औषधं कधी लागायची ते ठरवायला.

पदवीदानाचा काळा झगा उतरवला तसा अण्णांचा हात सवयीने आतल्या मोरपंखी कुर्त्याच्या कडेला गेला आणि तिथेच थांबला. "हा दोरा कुणी घातलाय?"

दुसऱ्या दिवशी मी आईला आणि त्यांना शिवरामपेठेत नेलं. अण्णा कुर्ता पालथा करून बराच वेळ पाहत राहिले.

"चार वर्षं कच्च्या दोऱ्यावर?"

पांडुरंगराव उठून उभे राहिले. "तुमच्या हातचं काम. आम्ही कसं कापायचं?"

अण्णांनी त्यांच्या गळ्यातला टेप मागून घेतला. मला म्हणाले, "नीट उभी राहा." लहानपणी दुकानात करायचे तसं त्यांनी माझं माप घेतलं, खांद्यापासून खालपर्यंत, सावकाश. आई दाराकडे तोंड करून उभी होती. मग ते परक्या मशीनवर बसले, टेपच्या मापावर पक्की शिलाई मारली, कच्चा दोरा ओढून काढला आणि हात पुढे केला. "कात्री द्या."

आतलं जादा कापड त्यांनी दोन्ही बाजूंनी कापून टाकलं. "आता सैल करता येणार नाही," ते म्हणाले. कातरण झटकून उठले आणि पांडुरंगरावांना विचारलं, "कडकोळची बस इथून कुठं मिळते? पोरीचा कारखाना बघून येतो."

बार्शीच्या दुकानातल्या त्या फळ्यांवर आता अस्तराचे तागे आहेत. घरी गेले की मी तिकडे बघायचं टाळते.

गावी राहिलेल्या आणि माझ्यासारख्या निघून आलेल्या सगळ्यांनाच हे टाळणं ठाऊक असेल. आता दिवाळी जवळ आली की अण्णांचा फोन येतो, "माप सांग गं." मी शिवरामपेठेत जाते. पांडुरंगराव टेप लावतात, फोनवर अण्णांना आकडे सांगतात, मग दोघं गुडघेदुखीवर बोलत बसतात. जिथे माझं माप विचारावं लागत नव्हतं ते घर मी सोडून आले, आणि ते अजून दुखतं. पण तिथून दरवर्षी कुणीतरी विचारतं. ज्या दिवाळीला हा फोन येणार नाही, त्या दिवशी माझं घर गेलं असं मी समजेन.