भिंतीवरचा कापूस

मुलांनो, धुळ्याला आमच्या शेजारी एक मुलगी राहायची. मुंबईत जाहिरातीची चित्रकला शिकायची. सुट्टीत आली की आपली चित्रं आमच्या कुंपणाच्या भिंतीवर चिकटवायची, एक डोळा मिटून लांबून बघायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून विचारायची, "हे काय आहे? खरं सांगा हं!"

शेवटची परीक्षा देऊन आली, तेव्हा तिने कपाशीच्या बियाण्याच्या पिशवीसाठी बोंड काढलं होतं. निळ्यावर तीन पांढरी वर्तुळं. हेच चित्र घेऊन ती मुंबईत नोकरी मागणार होती. मला विचारलं तेव्हा मी म्हणाले, "सुरेख!"

मग बाजाराला आलेली सोनगीरची एक शेतकरी आजी भिंतीपाशी थांबली. "हाई काय शे वं माय? लाडू शे का?"

मुलीचं तोंड एवढंसं झालं, पण क्षणभरच. "मग कापूस कसा काढू, आजी?"

आजीने मूठ वळली आणि पाची बोटं हळूहळू उघडली. "आसा फुटस."

मुलीने तिला चहा देऊन ओट्यावर बसवलं आणि तो हात पुन्हा पुन्हा काढला.

महिन्याभराने पत्र आलं. नोकरी लागली होती. "अक्का, तुम्ही सुरेख म्हणाला होतात, म्हणून मुलाखतीत मी आधी जुनंच चित्र पुढे केलं. साहेब म्हणाले, लाडू! मग मुठीचं दाखवलं. तुम्हाला तेव्हा काय दिसलं होतं? आता तरी खरं सांगा."

मी उलट टपाली कार्ड टाकलं. त्यावर एकच शब्द लिहिला, लाडू.